मिस मेरी झम आणि मी

बसा, बसा. चहा उकळतोय. तो येईपर्यंत तुम्हाला काहीतरी करमणूक हवीच, आणि माझ्या फजितीइतकी स्वस्त करमणूक अख्ख्या सांगलीत मिळायची नाही. एरवी मी हे कुणाला सांगत नाही. तुम्ही घरचेच, त्यात गावभर बोंब मारण्यात पटाईत, म्हणून सांगतो.

मी एके काळी जादूगार होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण नुसता जादूगार नव्हे हो, प्रोफेसर! घरी गजा, स्टेजवर जगप्रसिद्ध प्रोफेसर गजेंद्र. कुठल्या कॉलेजात प्रोफेसर, असं विचारू नका. इंग्रजी चौथीतच दोनदा गटांगळ्या खाऊन मी शाळेला रामराम ठोकलेला. पण त्या काळी टोपीतून एक कबूतर काढता आलं की माणूस आपोआप प्रोफेसर व्हायचा, आणि दोन काढता आली की जगप्रसिद्ध. माझ्याकडे कबूतर एकच होतं, पण जगप्रसिद्ध मी आधीच लावून टाकलं होतं. जग म्हणजे मिरज, तासगाव, इस्लामपूर आणि एकदा चुकून कराड.

मला वाढवलं मामांनी. मामांची सांगलीत हळदीची पेढी. त्यांनी मला स्वच्छ बजावलं होतं, "पाडव्यापर्यंत काय कबुतरं उडवायची ती उडव. पाडव्याला पेढीवर येऊन बसायचं. नाही बसलास तर माझी पायरी चढू नकोस!"

हळदीच्या पेढीवर कधी बसलायत? मी बसलो होतो दोन महिने. हात पिवळे, कान पिवळे, धोतर पिवळं, शिंकलो तर रुमाल पिवळा. रोज हळद लागायची आणि लग्न काही ठरायचं नाही! चेष्टा राहू द्या, पण मला तिथे रडू यायचं हो. माझी जादू भिकार असेल, पण माझा जीव होता तिच्यात. पाडव्याला उरला होता दीड महिना.

आणि अशात पत्र आलं रहिमतपूरच्या सुभेदार मान्यांचं. लढाई चालू होती. छावण्यांतल्या आणि लष्करी इस्पितळांतल्या जवानांची करमणूक करायला वर्षभराच्या दौऱ्यासाठी एक जादूचा खेळ हवा होता, आणि तो निवडायचं काम या पेन्शनर सुभेदारांकडे होतं. पत्र लष्करी. ‘बाजाराच्या दिवशी आमच्या गावात खेळ लावा. पसंत पडला तर वर्षाचा करार. नापसंत पडला तर पुन्हा तोंड दाखवू नये.’ बस्स! वर्षाचा करार मिळाला की मामा गप्प, पेढी सुटली, मी मोकळा. एका खेळावर सगळं आयुष्य टांगलेलं. असं असताना माणूस काय करील? डोकं ताळ्यावर ठेवील की नाही? मी फोटो काढून घेतला.

फोटो हँडबिलासाठी. काळा कोट, टोपी आणि मिशी! मिशी मेण लावून अशी टोकदार केलेली, की जवळून बोलणारा माणूस एक पाऊल मागे सरकायचा. तीन वर्षं जोपासली होती मी ती.

खेळाचं खास आकर्षण मी ठरवलं मिस्मेरिझमची विद्या. पुस्तकात मेस्मेरिझम लिहितात म्हणे, आमच्याकडे सगळे मिस्मेरिझमच म्हणायचे. समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं, हात हलवायचे, की तो उभ्या उभ्या झोपतो. निदान पुस्तकात झोपतो. माझ्यासमोर आजवर एकटे तात्या झोपले होते, तेही जेवण झाल्यावर. तात्या म्हणजे माझे पेटीवाले. साठीचा माणूस, बुडालेल्या नाटक कंपनीतून उरलेला. कंपनीनं निघताना दिलं काय, तर एक फुटकी पेटी आणि कपड्यांची एक ट्रंक. ती ट्रंक ते जिथे जातील तिथे बरोबर नेत.

तर हँडबिल छापायला मी साताऱ्याच्या एका छापखान्यात गेलो. लढाईमुळे कागद नाही, शाई नाही, आणि अक्षरांचे खिळेही धड नाहीत. खिळे जुळवणारा बुवा म्हणाला,

"मालक, मोठ्या टायपात ह्यो जोडाक्षराचा खिळा न्हाई. स आन् मे सुटं लावू का?"

"लावा की."

"ऱ्हस्व रि बी न्हाई. दीर्घ लावली तर चालंल?"

"चालेल हो. माझं नाव ठळक आहे ना?"

"लय ठळक हाय. पर ह्यो शब्द एका वळीत मावंना. तोडू का?"

"तोडा! पण माझ्या फोटोला धक्का लागता कामा नये."

पहिली प्रत तपासायला हातात दिली. मी तपासली. म्हणजे फोटोतली मिशी तपासली, खालचं नाव तपासलं आणि ‘झकास’ म्हणून परत दिली. मजकूर मीच लिहिलेला, तो काय पुन्हा वाचायचा?

मी वाचला नाही, पण तुम्ही ऐका. वरच्या ओळीत ‘मिस’, खालच्या ओळीत ‘मेरी झम’, आणि पुढे माझाच मजकूर: ‘खास आकर्षण! एका नजरेत भान हरपेल! स्वतःचे नाव विसराल! भले भले जागच्या जागी आडवे झाले! अनुभवासाठी प्रेक्षकांनी स्वतः स्टेजवर यावे!’

हसा, हसा. त्या काळात मिस म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं? नाटकातली नाहीतर सिनेमातली बाई. जिच्या नावाआधी मिस, तिच्या दारात झुंबड. आणि मी तीन गाड्या भरून माणसं लावून ही हँडबिलं पार कोरेगाव ते औंध वाटली.

बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला खेळ. रॉकेल रेशनवर, दिवे लावणार कशाचे? म्हणून खेळ दिवसाउजेडी, एका गुळाच्या रिकाम्या गोदामात. रिकामं म्हणजे गूळ नव्हता. मुंगळे होते.

गर्दी म्हणाल तर रस्ता दिसेना! बैलगाड्या सुटलेल्या, पटके नवे, मिशांना तेल, कुणी कानात अत्तराचा फाया घातलेला. मला गहिवरून आलं. म्हटलं, गजा, अखेर महाराष्ट्राला कळलास तू! जादूच्या खेळाला अत्तर लावून कोण येतं, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात यायला नको होता?

दारातच एका गुलाबी पटकेवाल्यानं मला गाठलं. त्याचं नाव म्हादबा.

"परफेसर तुमीच व्हय?"

"मीच!"

त्यानं माझ्या खांद्यावरून मागे डोकावून पाहिलं. "मिसमेरीझम हाय न्हवं नक्की? न्हाईतर आमी लय लांबनं आलोय."

"आहे तर!"

"कवा दावणार?"

"सगळ्यात शेवटी. आधी दाखवली तर बाकीच्या खेळात कुणाचं मन लागायचं नाही."

"त्ये बी खरंच. हितलीच हाय का?"

"छे! अस्सल विलायती."

"आगं बया! आन् नवी हाय का जुनी?"

"नवी कसली? दीडशे वर्षांची आहे!"

म्हादबानं बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आन् आजून चालती?"

"चालते म्हणजे? दिवसेंदिवस जोरात चालते!"

"तुमच्या हाती कशी घावली वो?"

"कोल्हापूरला एका म्हाताऱ्याकडे होती. सहा महिने त्याच्या दारात पडून राहिलो. शेवटी म्हणाला, बाबा, आता मला झेपत नाही, तूच सांभाळ हिला."

"अरारारा! आन् तुमच्या घरचं काय म्हनत न्हाईत?"

इथे मी छातीवर हात ठेवला. "मामा रोज म्हणतात, सोड तिला. मी सांगितलंय, घर सोडीन, पण तिला सोडणार नाही!"

म्हादबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की कोटातलं कबूतर गुदमरलं. "शाबास रं गड्या! ह्येला म्हनत्यात काळीज!" असं म्हणून तो आत पळाला, आणि पाच मिनिटांत सगळ्या गोदामाला कळलं की दीडशे वर्षांची विलायती बाई आहे, ह्या जादूगारानं जादूनं तिला तरणी ठेवलीय, आणि ह्याचा मामा तिच्यावर जळतोय.

मागून एक म्हातारी काठी टेकत आली. तिला वाटलं मिस म्हणजे मिशनच्या दवाखान्यातली. "लेका, तुझ्या मिसबाईला सांग, माज्या गुडघ्यात येक सुई दे म्हणावं."

"आजी, सुई कशाला? नुसत्या नजरेनं दुखणं पळेल!"

"सुईबिगर कसली मिस?" असं पुटपुटत म्हातारी पुढे जाऊन बसली. मला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येतं.

पहिल्या रांगेत खुर्चीवर सुभेदार. छातीवर पदकं, हातात छोटी वही, चेहरा असा की ह्या माणसाला शेवटचं हसू पहिल्या लढाईत आलं असावं. मी पत्ते काढले. गुळाच्या गोदामात सकाळपासून ठेवलेले पत्ते! एक ओढला की चार निघायचे. सुभेदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी अंडं रुमालात गुंडाळलं, ते फुटलं. सुभेदारांनी लिहिलं. मी टोपी रिकामी दाखवत होतो, तर मागून पोरंसोरं ओरडायला लागली, "आवं, कोटातनं चोच दिसतीया!" सुभेदारांनी पान उलटलं.

"म्होरं! म्होरं!" लोक ओरडत होते. "मिसमेरीझम लावा!"

मी हात वर केला. "धीर धरा! मिस्मेरिझमला वेळ लागतो!"

"व्हय व्हय, नटायला येळ लागतोयच!" म्हादबानं सगळ्यांची समजूत घातली.

हे मी ऐकलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं! आणि मला काय वाटलं? की खेडेगावात झोपायला नटणं म्हणतात. आता बोला!

शेवटी मी गंभीर आवाजात पुकारलं, "आता मिस्मेरिझम! एका प्रेक्षकानं वर यावं!"

चाळीस माणसं उभी राहिली. कुणी पटका सारखा करतोय, कुणी तोंडातलं पान थुंकतोय. म्हादबा सगळ्यांना ढकलून वर आला. मी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि हात हलवू लागलो. तो माझ्या डाव्या बाजूनं मागे बघे, उजव्या बाजूनं मागे बघे.

"माझ्या डोळ्यांत बघा."

"तुमच्या डोळ्यात काय हाय बगन्यासारकं? तिला बोलवा की!"

"कुणाला?"

"कुनाला म्हंजी? मेरीबाईला!"

खालून एकच गिल्ला झाला. "मेरी! मेरी!" पत्र्याचं गोदाम दणाणलं, वरचे पारवे उडाले. माझं कबूतरही कोटातून निसटलं आणि त्यांच्यात जाऊन मिसळलं. तेवढं एक माझ्याकडचं शहाणं निघालं. तात्यांनी मला हाताला धरून पडद्यामागे ओढलं. त्यांच्या हातात शेंगदाण्यांची पुडी होती, आणि पुडी होती माझ्याच हँडबिलाची.

"गजा, तुझी बाई कुठाय?"

"कोण बाई?"

"ही." त्यांनी शेंगदाणे खिशात ओतले आणि कागद सरळ केला.

मी वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. मग म्हादबाशी झालेलं बोलणं एकेक करून आठवलं. दीडशे वर्षांची, जोरात चालते, म्हाताऱ्याला झेपेना… मी मागचं दार कुठे आहे ते बघू लागलो.

पडद्यापलीकडून सुभेदारांचा आवाज आला. "परफेसर! धा मिंटं देतो. बाई भाईर आली पायजेल. पब्लिकला फसवलं तर आपुन माफ करत न्हाई!"

"मागच्या दारानं पळतो," मी म्हटलं.

"मागच्या दाराशी तीस जण उभे आहेत, बाई दिसेल म्हणून," असं म्हणत तात्यांनी ट्रंक उघडली. आत नाटकातला शालू, चोळी, खोटे दागिने आणि केसांचा टोप! कंपनीतल्या नायिकेचा. आणि त्या काळच्या नायिका कोण? आपल्यासारखेच बाप्ये.

"तात्या, तुम्ही नेसा!"

"पेटी कोण वाजवणार? आणि हे गाल बघ माझे. मेरीच्या आजीला शोभणार नाहीत."

"अहो, पण मिशी!"

तात्या कात्री शोधतच होते. "मिशी ठेवायची आहे, की पाडव्याला पेढीवर बसायचंय? एक काय ते सांग."

दोन कचाकच आवाज आले. तीन वर्षांची माझी मिशी शेंगदाण्यांच्या सालपटांत पडली. मी रडलो, खोटं कशाला बोलू? तात्या म्हणाले, रडू नकोस, पावडर वाहून जाते.

मग ते बाहेर गेले आणि त्यांनी जाहीर केलं, "प्रोफेसर गजेंद्र यांना भोवळ आल्यामुळे ते यापुढे खेळात दिसणार नाहीत."

कडाडून टाळ्या पडल्या! त्या दिवसातल्या पहिल्या.

आणि मग मी आलो. आले म्हणा. एका हाताने शालू धरलेला, टोप डाव्या कानावर सरकलेला, गुळाच्या जमिनीवर पाय चिकटतोय, म्हणून चाल आपोआपच ठुमकत. गोदाम असं शांत झालं, की मुंगळ्यांचं चालणं ऐकू यावं. मग म्हादबा हळूच म्हणाला, "दीडशे वर्साची हाय, पर काय टिकलीया!"

गाणं मला येत नव्हतं. नाच तर नाहीच. येत होतं ते तेवढंच, पत्ते आणि अंडी! मी तेच सुरू केलं. दुसरं करणार काय? पत्ते चिकटले, एकाऐवजी चार निघाले. "एका येळी चार! आरं, काय हात हाय!" लोक वेडे झाले. तेच पत्ते, तोच गूळ, तेच माझे हात! अंडं रुमालात गुंडाळलं, ते पुन्हा फुटलं. मगाशी ज्यानं ‘घरी जाऊन कालवण कर’ म्हणून मला ओरडून सांगितलं होतं, तोच आता शेजाऱ्याला म्हणतो, "नाजूक हात हाईत रं. अंड्याचीच चूक हाय."

मी तुम्हाला विचारतो, ह्याला काय म्हणायचं? सहा वर्षं मी हातचलाखीचा अभ्यास केला. पडदा कसा धरावा, बोटं कशी लपवावीत, नजर कुठे न्यावी. शालू नेसावा, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

शेवटी मिस्मेरिझम. खुद्द सुभेदार उठले, पदकं सारखी केली आणि वर येऊन सावधानमध्ये उभे राहिले. मी आवाज बारीक केला. "माझ्या डोळ्यांत बघा… झोप येतेय…" आणि काय सांगू, माणूस खरोखर डुलायला लागला हो! उभ्या उभ्या झोपला. खाली पुढच्या दोन रांगांनी डोळे मिटले. म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, "गेला! माजा गुडघा गेला!" गुडघा दुखायचा थांबला असं तिला म्हणायचं होतं. तात्यांनी पेटी वाजवायची सोडून मला हात जोडले.

खेळ संपला. लोक आपणहून उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पडद्यामागे येऊन मटकन ट्रंकेवर बसलो, टोप काढणार, एवढ्यात सुभेदार आत आले. मी पदर पुढे ओढला.

सुभेदार पडद्यापाशीच थांबले. सभ्य माणूस. नजर जमिनीवर ठेवून म्हणाले, "बाई, मराठी समजतं न्हवं?"

"समजतं," मी बारीक आवाजात म्हटलं.

"मग लष्करी मानूस हाय, सरळ बोलतो. तुमचं काम एकदम फस्क्लास. वर्साचा करार पक्का. ह्यो कागद घ्या, सही करा."

काय वाटलं असेल मला? पेढी सुटली! पाडवा गेला खड्ड्यात! मी सही करायला दौत शोधायला लागलो.

"पर येक अट हाय," सुभेदार म्हणाले. "त्या परफेसरला संगं आनायचं न्हाई."

"का हो?" माझा आवाज जरा जाडाच निघाला.

"आवं, का म्हंजी? बिलकुल फालतू मानूस! पत्तं चिकटत्यात, अंडी फुटत्यात. आपले जवान आधीच जखमी हाईत बाई, त्यास्नी आनि किती तरास द्यायचा? तुमच्यासारख्या गुणी बाईनं असल्याच्या नादी लागून जल्माचं वाटुळं करून घेऊ नगा. त्यो तुमच्या जिवावर नाव मिळवतोय."

तात्या तोंडात धोतराचा सोगा कोंबून भिंतीकडे वळले होते.

"त्यांना फार वाईट वाटेल हो," मी म्हटलं. आणि तुम्हाला सांगतो, ते एक वाक्य मी अगदी मनापासून बोललो.

"वाटंल चार दिस. तुमी काळीज घट्ट करा."

काळीज घट्ट केलं आणि सही केली. ‘मिस मेरी झम’. सुटं सुटं, छापलं होतं तसंच. मामांना पत्र टाकलं की वर्षाचं काम मिळालं. कसलं काम ते लिहिलं नाही. मग पुण्यापासून बेळगावपर्यंत एकेक छावणी घेतली. वर्षभर रोज सकाळी दाढी आणि दुपारी शालू. टाळ्या एवढ्या, की तात्यांच्या कानात दडे बसले.

आणि त्या वर्षात जवान भेटले, कॅप्टन भेटले, माझी जुनी हँडबिलं बघितलेले सांगली-मिरजेचे लोकही भेटले. एकानं, अहो, एकानंसुद्धा विचारलं नाही, की प्रोफेसर गजेंद्र गेले कुठे? माणूस गायब करण्याचा प्रयोग मला आयुष्यात तेवढा एकच साधला.